लेड झेपलिनचे मुंबईतील ध्वनिमुद्रण

लेड झेपलिन या ब्रिटिश ब्लूज-रॉक संगीतसमूहातील गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये मुंबईत भारतीय वादकांच्या साथीने 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' या आपल्या दोन गीतांचे पुन्हा ध्वनिमुद्रण केले. समूहाचे उर्वरित दोन सदस्य, जॉन पॉल जोन्स (बास गिटार व कळफलक वाद्ये) आणि जॉन बॉनम (ड्रम), या वेळी उपस्थित नव्हते. बासरीवादक व संगीतकार विजय राघव राव यांनी वादकांचे संचालन केले. हे ध्वनिमुद्रण त्या काळी प्रसिद्ध झाले नाही. पुढची बेचाळीस वर्षे ते केवळ संग्राहकांच्या चोरट्या प्रतींमधून फिरत राहिले आणि ३१ जुलै २०१५ रोजी 'कोडा' या संग्रहाच्या विस्तारित आवृत्तीत प्रथमच अधिकृतपणे बाहेर आले. मधल्या काळात त्याची तारीख, वाद्यवृंदाचे नाव आणि वादकांची ओळख या तिन्ही बाबतींत बराच घोळ झाला. त्यांपैकी तारखेचा प्रश्न आता सुटल्यासारखा आहे. वादकांच्या नावांचा मात्र तसा नाही.

पार्श्वभूमी

ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला गानप्रकार आहे. बहुधा बारा मापांचे आवर्तन, त्यात फिरून फिरून येणारी ओळ आणि किंचित उतरवून लावलेले काही स्वर ही त्याची ठळक लक्षणे होत. १९६० नंतर इंग्लंडमधील तरुण वादकांनी ब्लूजच्या जुन्या तबकड्या ऐकून हे संगीत विजेच्या गिटारवर उतरवले आणि त्यातून ब्लूज-रॉक हा प्रकार आकाराला आला. 'यार्डबर्ड्स' हा समूह १९६८ मध्ये विस्कटल्यावर त्यातील जिमी पेज याने नवे साथीदार जमवून जो समूह उभा केला, तोच पुढे लेड झेपलिन या नावाने ओळखला जाऊ लागला.

भारतीय संगीताची ओढ पेजला आरंभापासूनच होती. त्याच्याजवळ सतार होती. समूहाच्या पहिल्याच संग्रहातील 'ब्लॅक माउंटन साइड' या केवळ गिटारवर वाजवलेल्या रचनेला विराम जसानी यांच्या तबल्याची साथ आहे. (ही रचना स्कॉटिश गिटारवादक बर्ट जान्श याने बांधलेल्या एका लोकगीताच्या चालीशी इतकी जवळची आहे की तिच्या श्रेयाबाबत आजही आक्षेप घेतले जातात.) म्हणजे मुंबईची भेट हा एखाद्या प्रवाशाचा लहरी उपक्रम नव्हता. जे लंडनमध्ये एका तबलजीच्या साथीने करून पाहिले, तेच पूर्ण वाद्यमेळासह करून पाहण्याचा तो प्रयत्न होता.

पहिले चार संग्रह : स्थळ आणि काळ

मुंबईत वाजवलेली दोन्ही गीते मुळात अनुक्रमे तिसऱ्या व चौथ्या संग्रहातील आहेत. त्यामुळे हे संग्रह कोठे व केव्हा मुद्रित झाले, ते पाहणे आवश्यक ठरते.

पहिला संग्रह लंडनमधील बार्न्स भागातल्या ऑलिम्पिक स्टुडिओत मुद्रित झाला. स्कँडिनेव्हियाचा दौरा आटोपून समूह सप्टेंबर १९६८ च्या अखेरीस स्टुडिओत शिरला आणि ऑक्टोबरमध्ये काम संपले. प्रत्यक्ष स्टुडिओत घालवलेला वेळ सुमारे ३६ तासांचा होता, असे पेजने सांगितले आहे. खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला, कारण अटलांटिक या कंपनीशी करार व्हायचा होता. हा संग्रह जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या संग्रहाची कथा अगदी उलट आहे. १९६९ च्या एप्रिल ते ऑगस्ट या काळात समूह सतत दौऱ्यावर होता. दोन कार्यक्रमांच्या मध्ये जेथे सवड मिळेल तेथे, लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क अशा शहरांतील अनेक स्टुडिओंत, गीतांचे तुकडे मुद्रित झाले. मुद्रणफिती सामानाबरोबर गावोगाव हिंडल्या. एकाच गीताचा पाया एका शहरात, गायन दुसऱ्या शहरात आणि अंतिम मिश्रण तिसऱ्या शहरात, असे प्रकार त्यात आहेत. त्यामुळे या संग्रहाचे स्थळ एका शब्दात सांगता येत नाही. संग्रह २२ ऑक्टोबर १९६९ रोजी निघाला. त्यातील 'होल लोटा लव्ह' या गीतात विली डिक्सन या अमेरिकी ब्लूज रचनाकाराच्या शब्दांचा आधार घेतल्याबद्दल डिक्सनने १९८५ मध्ये दावा दाखल केला. १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि पुढे त्याचे नाव श्रेयनामावलीत आले.

तिसऱ्या संग्रहासाठी पेज व प्लांट १९७० च्या वसंतात वेल्समधील 'ब्रॉन-इर-ऑर' या विजेची सोय नसलेल्या झोपडीवजा घरात राहिले आणि तेथे त्यांनी अनेक चाली बांधल्या. पुढे हॅम्पशायर परगण्यातील हेडली ग्रेंज ही जुनी वास्तू, तसेच लंडनमधील आयलंड व ऑलिम्पिक हे स्टुडिओ या ठिकाणी ध्वनिमुद्रण झाले, आणि अंतिम मिश्रण अमेरिकेतील मेम्फिस येथे. संग्रह ५ ऑक्टोबर १९७० रोजी प्रसिद्ध झाला. 'फ्रेंड्स' हे गीत यातलेच.

हेडली ग्रेंज ही वास्तू १७९५ मध्ये गरिबांच्या आश्रयगृहासाठी बांधण्यात आली होती. रोलिंग स्टोन्स या समूहाच्या मालकीची मुद्रणयंत्रे बसवलेली मोटारगाडी तिच्या आवारात उभी करून तारा आत नेल्या जात. चौथ्या संग्रहाचे काम डिसेंबर १९७० मध्ये लंडनच्या आयलंड स्टुडिओत सुरू झाले आणि जानेवारी १९७१ पासून याच घरात पुढे चालू राहिले. त्यातील 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गीताचा ड्रम उंच दिवाणखान्यात ठेवून वरच्या जिन्यावरून सोडलेल्या दोन ध्वनिग्राहकांनी मुद्रित केला आहे. ते गीतही मुळात मेम्फिस मिनी व कॅन्सस जो मॅकॉय या दांपत्याने १९२९ मध्ये गायलेले असून, १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुराचा त्यात संदर्भ आहे. चौथा संग्रह ८ नोव्हेंबर १९७१ रोजी बाहेर पडला. 'फोर स्टिक्स' या संग्रहात आहे. बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन अशा चार काठ्या घेऊन ड्रम वाजवला, त्यावरून गीताला हे नाव पडले.

मुंबईच का

लेड झेपलिनच्या आधी चार वर्षे याच वाटेने बीटल्स या समूहाचा जॉर्ज हॅरिसन येऊन गेला होता. सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी तो मुंबईत आला, तेव्हा ताजमहाल हॉटेलात उतरला होता. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी. ते काम फोर्ट भागातील फिरोजशहा मेहता मार्गावरील एचएमव्हीच्या स्टुडिओत झाले. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे तत्कालीन प्रमुख भास्कर मेनन यांनी त्यासाठी दोन पट्ट्यांवर मुद्रण करणारे यंत्र कोलकात्याहून आणवले. स्टुडिओ पुरेसा ध्वनिरोधक नव्हता. काही तुकड्यांत बाहेरून जाणाऱ्या टॅक्सींचा आवाज ऐकू येतो, असे हॅरिसनने नंतर सांगितले आहे. याच बैठकींत 'द इनर लाइट' या गीताची वाद्यसंगत तयार झाली. गायन फेब्रुवारीत लंडनला भरले गेले आणि १५ मार्च १९६८ रोजी ते 'लेडी मॅडोना' या गीताच्या तबकडीच्या मागील बाजूस निघाले. आशिष खाँ (सरोद), महापुरुष मिश्र (तबला व पखवाज), शिवकुमार शर्मा (संतूर), एस. आर. केंकरे (बासरी), विनायक व्होरा (तारशहनाई) असे वादक या कामात होते. 'वंडरवॉल'च्या वेष्टनावर त्यांची नावे छापली गेली. काहींच्या नावांची वर्णरचना चुकलेली आहे, पण नावे आहेत.

थोडक्यात, भारतीय वाद्यांचा जाणकार मेळ आणि परदेशी पाहुण्याची गरज समजणारा स्टुडिओ या दोन्ही गोष्टी मुंबईत एकाच वेळी मिळत होत्या. याला दोन कारणे होती. पहिले, ध्वनिमुद्रिका व्यवसायात तयार झालेली शास्त्रीय संगीताची शिस्त. मराठी भावगीतगायक गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, यांनी एचएमव्हीत दीर्घकाळ ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळली आणि शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही जगभर गाजलेली तबकडी त्यांच्याच देखरेखीखाली झाली. दुसरे कारण म्हणजे हिंदी चित्रपटसृष्टी. येथे रोज मोठमोठे वाद्यवृंद बसत. त्यांत स्वरलिपी वाचणारे गोमंतकीय व्हायोलिनवादक आणि कानाने उचलणारे सारंगी, सतार व तबल्याचे वादक शेजारी-शेजारी वाजवीत. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या संयोजकांनी या दोन परंपरांना एकत्र वाजवायला लावण्याची पद्धत घालून दिली होती. एका सकाळच्या सूचनेवर अशा वादकांचा ताफा जमवणे तेव्हा मुंबईत शक्य होते. लंडनमध्ये ते शक्य नव्हते.

ध्वनिमुद्रण

विजय राघव राव (१९२५–२०११) हे पंडित रविशंकर यांचे शिष्य होते. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये संगीतकार म्हणून त्यांनी असंख्य माहितीपटांना संगीत दिले, तसेच मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम' (१९६९) या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. काही मिनिटांच्या चित्रफितीसाठी थोडक्या वेळात नेमके संगीत बांधण्याचा त्यांचा सराव येथे कामी आला असला पाहिजे.

'फ्रेंड्स'मध्ये गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या स्वरांत जुळवलेल्या असून, एक स्वर खाली सतत घुमत राहतो. भारतीय श्रोत्याला ही रचना तंबोऱ्याच्या आधाराची आठवण करून देते. १९७० च्या मूळ मुद्रणात तंतुवाद्यांची योजना जॉन पॉल जोन्सने केली होती. मुंबईच्या आवृत्तीत ते काम भारतीय वादकांनी केले आहे. प्लांट गायला आहे आणि पेजची गिटार आहे. मूळ गीतातील पूर्वेकडे झुकणारी छटा येथे उसनी वाटत नाही, इतका हा मेळ स्वाभाविक आहे.

'फोर स्टिक्स'चे प्रकरण कठीण होते. त्यात पाच आणि सहा मात्रांचे गट आलटून पालटून येतात. पाच, सात, दहा, चौदा अशा मात्रांच्या तालांत वावरणाऱ्या भारतीय वादकाला विषम संख्या अवघड नाही. अवघड आहे ते आवर्तनाचा पल्लाच मध्येच बदलणे. आपल्याकडे एकदा ताल धरला की सम ठरलेल्या जागीच यावी लागते आणि सगळी करामत त्या चौकटीत होते. येथे चौकटच सरकते. या गीताला वेळ लागला, हे पेजनेही पुढे मुलाखतींत सांगितले. त्याची मुंबईतील आवृत्ती केवळ वाद्यांवर आहे आणि २०१५ च्या संग्रहात तिला 'फोर हँड्स' असे नाव दिलेले आहे. मूळ समूहालाही ही दोन्ही गीते रंगमंचावर पेलण्याजोगी वाटली नसावीत. 'फोर स्टिक्स' मे १९७१ मध्ये कोपनहेगन येथे आणि 'फ्रेंड्स' सप्टेंबर १९७१ मध्ये ओसाका येथे, अशी प्रत्येकी एकदाच वाजवल्याची नोंद आहे.

याच मुक्कामात कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या नृत्यगृहात पेज व प्लांट यांनी स्थानिक वादकांची वाद्ये मागून घेऊन उत्स्फूर्तपणे काही गीते वाजवली. मुंबईतील रॉक संगीताच्या इतिहासात ही रात्र आजही आठवणीने सांगितली जाते.

कालनिश्चिती

अनेक जुन्या पुस्तकांत आणि चोरट्या प्रतींच्या वेष्टनांवर या ध्वनिमुद्रणाचा काळ मार्च १९७२ असा दिलेला आढळतो. अधिकृत प्रकाशनात तो ऑक्टोबर १९७२ असा आहे. ही गफलत कशी झाली असावी, हे समूहाच्या त्या वर्षीच्या दौऱ्यांचे वेळापत्रक पाहिल्यास ध्यानात येते.

१९७२ मध्ये समूह दोनदा पूर्वेकडे आला. पहिला दौरा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा. १६ फेब्रुवारीला पर्थ येथे तो सुरू झाला आणि २९ फेब्रुवारीला ब्रिस्बेन येथे संपला. (तत्पूर्वी १४ फेब्रुवारीचा सिंगापूरचा कार्यक्रम रद्द झाला होता. तेथील सरकारने लांब केसांच्या पुरुषांविषयी केलेले कडक नियम त्याला कारण ठरले.) परतीच्या वाटेवर पेज व प्लांट मुंबईत थांबले होते. दुसरा दौरा जपानचा. २ ऑक्टोबरला टोकियोत सुरू होऊन तो १० ऑक्टोबरला क्योटोत संपला. समूहाचा त्यानंतरचा कार्यक्रम २८ ऑक्टोबरला स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे होता. या दोन तारखांच्या दरम्यान जवळजवळ अडीच आठवडे मोकळे राहतात. मुंबईचे ध्वनिमुद्रण या अवकाशात बसते.

एकाच वर्षात, एकाच शहरात, त्याच दोन व्यक्तींच्या दोन भेटी झाल्या म्हणजे आठवणी एकमेकींत मिसळतात. पहिल्या भेटीची छायाचित्रे आणि दुसऱ्या भेटीचा आवाज एकत्र आला आणि मार्चची तारीख पुस्तकातून पुस्तकात उतरत गेली. एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याने लिहिले, एवढाच तिचा आधार. मूळ फितीच्या धारकाने, म्हणजे पेजने, स्वतः सिद्ध केलेल्या प्रकाशनातील नोंद आणि दौऱ्याचे वेळापत्रक ही दोन स्वतंत्र साधने ऑक्टोबरकडे बोट दाखवतात. म्हणून तीच तारीख ग्राह्य धरणे योग्य होय.

वाद्यवृंदाचे नाव

जुन्या लेखनात वादकांचा उल्लेख 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' असा येतो. हा उल्लेख दिशाभूल करणारा आहे. या नावाची पाश्चात्त्य अभिजात संगीताची संस्था व्हायोलिनवादक मेहली मेहता (विख्यात संगीतसंचालक झुबिन मेहता यांचे वडील) यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केली होती. तिचा पेज-प्लांट यांच्या ध्वनिमुद्रणाशी संबंध जोडण्यास आधार नाही. हा ताफा या कामापुरता जमवलेला होता आणि त्यातील प्रमुख वाद्ये भारतीय होती. २०१५ च्या प्रकाशनात 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढेच सामान्य नाव वापरलेले आहे.

श्रेयाचा प्रश्न

'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' हे नाव चूक टाळते, पण त्याने वादकांची ओळख पटत नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादकाला बैठकीच्या हिशेबाने मोबदला मिळे आणि तबकडीवर वादकांची नावे सहसा येत नसत. तीच रीत येथे पाळली गेली. हॅरिसनच्या संग्रहाशी तुलना केली असता हा फरक ठळकपणे जाणवतो. तेथे तबकडी ताबडतोब निघाली, म्हणून नावे विचारली गेली. येथे फीत कपाटात गेली आणि नावे तिच्याबरोबर गेली नाहीत.

भारतीय ध्वनिमुद्रणाच्या आरंभी परिस्थिती वेगळी होती. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात ध्वनिमुद्रणासाठी आला, तेव्हा तबकड्या जर्मनीतील हॅनोवर येथे तयार होत. तेथील कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून गौहरजानसारख्या गायिका गाणे संपताच आपले नाव मोठ्याने उच्चारीत. व्यापारी सोयीसाठी पाडलेल्या या प्रथेमुळे शंभर वर्षांपूर्वीच्या कित्येक कलावंतांची ओळख आज पटते. मुंबईच्या फितीच्या शेवटी असा आवाज नाही.

प्रसार आणि प्रकाशन

ध्वनिमुद्रणाच्या प्रती यथावकाश बाहेर फुटल्या आणि पाश्चात्त्य देशांतील संग्राहकांत फिरू लागल्या. त्यांत पूर्ण झालेल्या गीतांबरोबर तालमींच्या फेऱ्याही होत्या. प्रतीवरून प्रत उतरवताना आवाज दर वेळी थोडा खालावत गेला आणि ऐकणाऱ्यांचा समज झाला की मुंबईचा स्टुडिओच कामचलाऊ होता. २०१५ मध्ये मूळ फितीवरून काढलेले ध्वनिमुद्रण ऐकल्यावर हा समज बव्हंशी गळून पडला.

पेज व प्लांट यांनी मधल्या काळात या कल्पनेकडे पाठ फिरवली नव्हती. बॉनमच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये लेड झेपलिन समूह विसर्जित झाला. १९९४ मध्ये दोघांनी 'नो क्वार्टर' हा संग्रह एकत्र केला, तेव्हा होसाम रामझी यांच्या नेतृत्वाखालील इजिप्शियन वादकांना साथीला घेतले. निवडलेल्या जुन्या गीतांत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन्ही होती.